सत्तर टक्क्यांचा हिशोब ठेवणाऱ्यांना अनावृत पत्र

कुत्र्यांना रेबीजची लस देणाऱ्या 'मिशन रेबीज' या संस्थेच्या गोव्यातील पथकांना, पशुवैद्यकांना आणि संस्था चालवणाऱ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

कुत्री अजून देवळाच्या मंडपात आणि बंद दुकानांच्या पायऱ्यांवर झोपलेली असतात, तेव्हाच तुम्ही जाळी घेऊन वाड्यावर उतरता. तुमचे आभार मानायचे तर ते नेमके कशाबद्दल, हे सांगायला हवे. 'मुक्या प्राण्यांची सेवा केलीत' एवढे म्हणून भागत नाही. तुम्ही माणसे वाचवली आहेत, आणि ती कशी वाचली हे गोव्यातल्या प्रत्येक पंचायतीला ठाऊक असायला हवे.

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. कुत्र्यांपासून होणाऱ्या रेबीजने जगात जितकी माणसे दगावतात, त्यांतली सुमारे एक तृतीयांश भारतात. तुम्ही २०१३ मध्ये भारतात काम सुरू केलेत. गोवा सरकारच्या साथीने २०१९ पर्यंत कुत्र्यांमधील महिन्याकाठच्या रेबीजच्या घटना ९२ टक्क्यांनी खाली आणल्यात. २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत गोव्यात रेबीजने एकही माणूस गेल्याची नोंद नाही. २०२१ मध्ये गोवा देशातले पहिले रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले.

यामागचे खरे काम आहे सत्तर टक्के कुत्र्यांना लस देण्याचे. एक पिसाळलेला कुत्रा सरासरी एक-दोन कुत्र्यांनाच रोग देतो. त्यामुळे साखळी तोडायला खरे तर याहून कमी कुत्र्यांना लस दिली तरी चालावे. पण रस्त्यावरच्या कुत्र्यांचे आयुष्य थोडे. लस घेतलेली मरतात, न घेतलेली पिल्ले जन्माला येतात आणि संरक्षण महिन्यागणिक घसरत जाते. मोहिमेच्या दिवशी सत्तर टक्के गाठले असतील तरच पुढच्या वर्षीच्या फेरीपर्यंत गाव सुरक्षित राहते. म्हणूनच दरवर्षी यावे लागते, आणि म्हणूनच पिल्लांनाही टोचावे लागते. 'ते लहान आहे, पुढच्या वर्षी द्या' असे लोक सांगतात, पण वर्षभर उघडे राहते ते नेमके तेच पिल्लू.

हे सत्तर टक्के तुम्ही अंदाजाने मांडत नाही, याबद्दल आम्हाला सर्वांत जास्त आदर आहे. पाळलेला कुत्रा मालकाने धरायचा, रस्त्यावरचा जाळ्यात घ्यायचा, लस टोचायची, अंगावर रंगाची खूण करायची आणि तिथेच सोडायचे. फोनवर लगेच नोंद होते: जागा, नर की मादी, पिल्लू की मोठा, पाळीव की भटका. नंतर तुमचे लोक त्याच वाटांनी फिरतात आणि दिसणारी कुत्री मोजतात, खूण असलेली किती आणि नसलेली किती. शंभरात बासष्टच खुणेची निघाली तर पथकाने पुन्हा त्याच वाड्यावर जायचे. लसीच्या रिकाम्या बाटल्या मोजून समाधान मानता आले असते. पण किती लस संपली यावरून किती कुत्री सुटली ते कळत नाही, आणि रोग टिकतो तो सुटलेल्यांत.

कुत्री सुटतात कुठे, तेही तुम्हीच दाखवून दिलेत. एक कुत्रा जाळ्यात ओरडला की बाकीची पाणंदीतून कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) पळतात, म्हणून वाट दोन्ही टोकांनी धरावी लागते. पथकाची गाडी ती ओळखू लागतात. किनाऱ्यावर हंगामात शॅकच्या उष्ट्यावर जमलेली कुत्री पावसाळ्यात शॅक उठले की पांगतात. हंगामातला आकडा जुलैत धरून चालत नाही. फोनवरच्या नकाशात कामाची हद्द आखलेली असते आणि पथक कुठून गेले याची रेघ उमटते, त्यामुळे राहिलेला कोपरा उघडा पडतो. वर्षाला ९५ हजारांहून जास्त कुत्र्यांना लस देणे या शिस्तीशिवाय जमले नसते.

शीतपेटीबद्दल थोडे. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. उन्हाने जशी ती निकामी होते, तशीच बर्फाला चिकटून गोठली तरी होते, आणि बाटलीकडे पाहून ते ओळखता येईलच असे नाही. मे महिन्याच्या उकाड्यात ती पेटी सांभाळणाऱ्याचे नाव कुठल्या बातमीत येत नाही. या पत्रात त्याचे वेगळे आभार.

संस्था चालवणाऱ्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. चावे वाढले की गावात पहिली मागणी होते ती कुत्री मारा किंवा दूर नेऊन सोडा अशी. तो राग खोटा नसतो; मूल चावले गेलेल्या घराला उपदेश ऐकवू नये. तरीही हा उपाय उलटतो. हटवलेल्यांत लस घेतलेलीही जातात, मोकळ्या जागी बाहेरची, लस नसलेली कुत्री येतात आणि टक्का घसरतो. तुम्ही हे वाद घालून पटवले नाहीत. सरकारबरोबर बसलात, आकडे जुळवलेत, केलेले काम संशोधकांसमोर तपासायला ठेवलेत. लोकांच्या भीतीला मान देऊन योग्य तेच करत राहणे, यालाच आम्ही सामाजिक नेतृत्व म्हणतो.

शाळांतल्या तासांबद्दल तर किती लिहावे. वर्षाला दीड लाख मुलांपर्यंत तुम्ही पोचलात. कुत्रा अंगावर आला तर पळू नये, स्थिर उभे राहावे. खाणाऱ्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावू नये. चावला, ओरखडला, तरी घरी सांगावे. यातले शेवटचे सर्वांत मोलाचे. ओरडा बसेल या भीतीने मुले चावा लपवतात आणि उपचाराचे दिवस निघून जातात.

चाव्यानंतर काय करायचे, ते तुमच्या शिकवणीमुळेच आता वाड्यावाड्यावर सांगता येते. जखम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचे नाही. त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचे. कातडीत टोचायची लस असेल तर शून्य (म्हणजे पहिल्या लसीचा दिवस), तीन, सात आणि अठ्ठावीस असे चार दिवस. तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून सोडायची नाही. रक्त आलेल्या चाव्यात इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे) जखमेतच भरावे लागते, कारण लसीपासून संरक्षण तयार व्हायला दिवस लागतात. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची, पण त्यासाठी माणसाची पहिली लस थांबवायची नाही. संशयित कुत्र्याची खबर तुमच्या पथकाला देणे हाही या उपचाराचाच भाग आहे. कुत्र्याला रेबीज असल्याचे नक्की झाले की त्याने आणखी कोणाला चावा घेतला हे शोधता येते.

आता आमच्या बाजूचे. आमच्या सत्तरी तालुक्याला कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही लागतात. चोर्ला घाटातली किंवा केरीपलीकडची कुत्री सीमा पाहून थांबत नाहीत, आणि विषाणू पुन्हा शिरला तर आधी इथूनच शिरेल. म्हणून पुढच्या फेरीची तारीख आठ दिवस आधी पंचायतीला कळवा. पाळलेली कुत्री सकाळी सातपर्यंत बांधून ठेवायला घरोघरी सांगणे, कुठल्या गोठ्यात आणि कुठल्या बागायतीत पिल्ले आहेत ते दाखवणे, तुमच्याबरोबर वाट माहीत असलेला एक माणूस देणे आणि मोजणीत राहिलेली कुत्री दुसऱ्या दिवशी हुडकून ठेवणे, एवढे आम्ही करू.

आपले कृतज्ञ,
सत्तरीच्या पंचायतींत, शाळांत आणि आरोग्य उपकेंद्रांत काम करणारे आम्ही