वाटी वर सरकवण्याआधी

चिपळूण,
६ एप्रिल २०२५

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, फॅन लावायला आलेला माणूस म्हणतो छतात गिट्टी मारून हुक लावतो, दहा मिनिटांचं काम आहे." मी "थांब" एवढंच म्हणाले आणि काउंटरवर गिऱ्हाईक आलं. नंतर परत फोन लावणार होते, पण म्हटलं लिहूनच पाठवावं. फोनवर सांगितलेलं तू "हो गं, हो गं" करून सोडून देतेस. कागद निदान त्या माणसाच्या हातात देता येईल. शिवाय खोकं पाठवायचंच होतं. त्यात वर कोकमं आहेत आणि खाली लोखंड. बाबा उलटं भरत होते, मी थांबवलं.

आधी त्या गिट्टीचं बघू, म्हणजे स्क्रू धरायला भोकात ठोकतात त्या बुचाचं. भिंतीवर तसबीर लावतो तेव्हा वजन स्क्रूला खाली दाबतं, भोकातून बाहेर ओढत नाही. तोच स्क्रू छताला लागला की तेच वजन त्याला बाटलीच्या बुचासारखं सरळ बाहेर ओढायला लागतं, आणि वर फॅनची थरथर. आपला अठ्ठेचाळीस इंची फॅन, म्हणजे खोक्यावर १२०० मिलिमीटर लिहिलेला, असतो चारपाच किलोचाच. "वहिनी, पाच किलोला कशाला एवढं सामान?" हे मी तीस वर्षं ऐकतेय. पाच किलोची भाजीची पिशवी खुंटीला राहते हे खरंच आहे. पण ती पिशवी मिनिटाला तीनशे-साडेतीनशे फेरे घेत नाही, आणि तिच्याखाली कुणी झोपत नाही. प्लास्टिकची गिट्टी असो नाहीतर जुन्या पद्धतीची लाकडी, छतात फॅनसाठी नको. त्याला सांग, आईने नको म्हटलंय. ऐकत नसेल तर माणूस बदल.

तुझ्या घरात दोन वेगवेगळी दुखणी आहेत. हॉलमध्ये बिल्डरने घातलेला हुक आहे. बेडरूममध्ये आधीच्या मालकाने स्लॅबखाली पीओपीचं, म्हणजे प्लास्टरचं, खोटं छत केलंय आणि हुक कुठे दिसत नाही.

हॉलचं सोपं वाटतं, आणि बहुतेक सोपंच असेल. असा हुक स्लॅब ओततानाच आत बसवतात. त्याचे पाय आतल्या सळयांना अडकवलेले असतात आणि मग त्यावर काँक्रीट पडतं, म्हणजे तो हुक घराच्या हाडातलाच. त्याच्याइतकं भरवशाचं नंतर काही बसवता येत नाही. पण तुमची इमारत तीस वर्षांची आणि तुम्ही वरच्या मजल्यावर. गच्चीतून पाणी मुरलं असेल तर गंज तिथेच धरतो, जिथे सळई काँक्रीटमधून बाहेर येते. गंजलेलं लोखंड फुगतं आणि भोवतालचा गिलावा ढकलतं. म्हणून हुकाभोवती फुगवटा, तडा, तपकिरी डाग काही आहे का ते आधी बघ. मग स्क्रूड्रायव्हरने हुक खरवड. तपकिरी भुकटी पडली तर घासून रंग दे, चालेल. पापुद्रे सुटायला लागले तर तो हुक विसरून जा. शेवटी हुकाच्या आतल्या बाजूने बोट फिरव. आधीच्या फॅनला रबर नसेल तर लोखंडावर लोखंड घासून तिथे खाच पडलेली असते. बाबा अशा हुकाला कधी हात लावत नाहीत. बारा मिलिमीटरच्या सळईची खाचेपाशी दहा उरली असेल तर बाकीची कधी जाईल ते कोण सांगणार, असं त्यांचं म्हणणं.

गंजाबद्दल मी जरा जास्तच बोलते, तुला माहीत आहे. २२ जुलै २०२१ ला दुकानात पाणी भरलं तेव्हा तू पुण्यात होतीस. गाळ काढल्यावर क्लँप आणि बोल्टच्या तीन बादल्या निघाल्या. फडक्याने पुसून तेल लावलं तर नव्यासारख्या दिसत होत्या, आणि बाबांचं म्हणणं होतं निम्म्या किमतीत काढू. मी सगळं भंगारात घातलं. बाहेरचा गंज पुसता येतो, आट्यांमध्ये गेलेला पुसता येत नाही. दोन दिवस अबोला होता आमच्यात.

आता बेडरूम. पीओपीचं छत हे छत नाहीच, तो पडदा आहे. पातळ पट्ट्यांवर स्वतःला कसंबसं धरून असतं. त्याला एलईडीच्या चकत्या ठीक, फॅन अजिबात नाही. त्या चौकटीच्या पट्टीलाही नाही, माणूस कितीही म्हणाला "मॅडम, पट्टी मजबूत आहे" तरी. फॅन लटकणार तो पीओपीच्या वरच्या स्लॅबलाच. आधी मधलं पीओपी उघडून बघा, कदाचित बिल्डरचा हुक आत झाकलेला असेल.

नसला तर प्लेट आणि फासनर. खोक्यात चार भोकांची जाड प्लेट आहे, तिच्यावर हुक वेल्ड करून येतो, आणि चार फासनर आहेत. फासनर म्हणजे असा बोल्ट की नट आवळला की त्याची बाहेरची नळी फुलते आणि काँक्रीटला आतून दाबून धरते. पण हे सगळं काँक्रीटमध्ये असेल तरच. भोक पाडताना भुकटीकडे लक्ष ठेव: आधी गिलाव्याची येईल, मग करडी यायला हवी. लाल आली तर वर वीट आहे, काम तिथेच थांबव आणि मला फोन कर. भोक किती खोल ते मोजताना गिलाव्याची जाडी धरायची नाही, फासनर त्याच्यापुढे काँक्रीटमध्ये पूर्ण बसला पाहिजे. भोकाचं माप पाकिटावर आहे. "माझ्याकडे हाच बिट आहे" म्हणून एक नंबर मोठं भोक पाडलेलं चालत नाही, मग नळी नुसती गोल फिरते. भोक झालं की आतली धूळ फुंकून काढायची, डोळे मिटून. मध्येच बिट टणकन थांबला तर सळई लागली, तिच्याशी झगडायचं नाही, प्लेट थोडी सरकवायची. आणि वायरचा पाईप स्लॅबमधून कुठून गेलाय ते आधी ओळखून ठेवा. बटणाच्या बोर्डापासून दिव्याच्या जागेपर्यंत तो सरळ गेलेला असतो असं धरून ती रेघ टाळा.

तो माणूस "केमिकल भरून देतो" असंही म्हणाला म्हणे, म्हणजे भोकात गोंद भरून त्यात बोल्ट चिकटवायचा. केमिकल वाईट नाही, मोठ्या कामात वापरतात. पण तुझा दादा सिव्हिलला होता तेव्हा त्याने सांगितलेलं माझ्या डोक्यातून जात नाही. अमेरिकेत बोस्टनच्या एका बोगद्यात छताच्या काँक्रीटच्या जाड लाद्या अशाच चिकटवलेल्या बोल्टांना टांगलेल्या होत्या. १० जुलै २००६ च्या रात्री त्या एका गाडीवर कोसळल्या आणि आतली बाई गेली. चौकशीत निघालं की तो गोंद एकदम तुटला नव्हता. सतत ओढ बसत राहिल्याने तो हळूहळू सैल होत गेला होता. कुठलं केमिकल कुठे चालतं हे कळणारा माणूस वेगळा, आणि तुझ्याकडे आलेला वेगळा. डोक्यावर टांगायच्या गोष्टीला, ज्याचं नाव तो धड सांगू शकत नाही असं केमिकल नको.

प्लेट बसली की लगेच फॅन चढवू देऊ नकोस. पाण्याचे वीस लिटरचे दोन भरलेले जार मजबूत दोरीने हुकाला बांधा, जमिनीपासून वीतभर वर, खाली गादी. चाळीस किलो होतात, फॅनच्या आठपट. प्लेटच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून ठेवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी रेघ सरकली नसेल, आणि प्लेट नि स्लॅबच्या मधे पोस्टकार्डही शिरत नसेल, तर फॅन चढवा. बाबा गावाकडे सिमेंटची गोणी टांगतात, पण तुमच्या सोसायटीत लिफ्टमधून गोणी नेली तर सेक्रेटरी विचारायला येतील.

उंचीचा हिशेब मी तूच पाठवलेल्या मापांवर केलाय. फरशीपासून स्लॅब साडेनऊ फूट, म्हणजे ११४ इंच. पीओपी आठ इंच खाली, राहिले १०६. पात्यांना वारा ओढायला वर जागा लागते, नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये ती किमान ३०० मिलिमीटर सांगितलीय, म्हणजे एक फूट. राहिले ९४. आणि त्याच कोडप्रमाणे फॅनचा सगळ्यात खालचा भाग फरशीपासून किमान २.४ मीटरवर हवा, ते होतात साडेचौऱ्याण्णव. पात्यांपाशीच अर्धा इंच कमी पडला, आणि मोटरची खालची वाटी तर अजून खाली येते. कपाटावरची बॅग काढायला रोहित पलंगावर चढला तर? माझं म्हणणं, पीओपी मधून चौकोनी कापून काढा, कडेची पट्टी तेवढी राहू द्या. फॅन मोकळ्या स्लॅबखाली येईल आणि रॉडही साधाच पुरेल. लांब रॉड घ्यायचाच झाला तर एका तुकड्यातला घे. दोन तुकडे वेल्ड करून देणारे भेटतात, त्यांना नमस्कार कर आणि पुढे चल.

आता पिवळं पाकीट उघड. त्यात बोटाच्या पेराएवढ्या सहा कॉटर पिना आहेत, नट सुटू नये म्हणून बोल्टच्या भोकात घालतात त्या दोन पायांच्या. खोक्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू तीच, आणि मी सगळ्यात आधी भरली ती तीच.

हे तुला कधी सांगितलेलं नाही. १९९८ च्या मे महिन्यात, भर लगीनसराईत, बाबा मांडवाच्या लायटिंगला गेले होते आणि दुकानात मी एकटी. आळीतले गुरुजी आले, कॉटर पिन मागितली. डबा रिकामा. मी म्हटलं, "गुरुजी, बाइंडिंगची तार घाला दुहेरी करून, काही होत नाही." तारेचे पैसेही घेतले नाहीत, म्हणजे आपण काही भलं केलं असं वाटावं! ती तार मऊ असते. फॅनच्या थरथरीने वाकून वाकून ती कधीतरी तुटली, मग नट एकेक आटा सुटत गेला, आणि गणपतीच्या आधी एका दुपारी बोल्टच निघून आला. फॅन नुसत्या वायरींवर तिरका लोंबला. पात्याने कपाटावरचा फळीचा कोपरा उडवला आणि भिंतीत हातभर खाच पाडली. माजघरात कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी गुरुजी दुकानात आले. तो बोल्ट त्यांनी काउंटरवर ठेवला, नवा बोल्ट, नट, पिन मागितली, पैसे मोजून दिले, आणि "येतो" म्हणाले. एक शब्द बोलले नाहीत. तो जुना बोल्ट माझ्या गल्ल्यात आहे. तू लहानपणी त्याच्याशी खेळायचीस.

म्हणून पिना सहा. दर फॅनला, वर हुकात अडकणाऱ्या यू आकाराच्या कडीच्या, म्हणजे शॅकलच्या, बोल्टला एक, खाली रॉड आणि मोटर जिथे जोडतात तिथे एक, बाकीच्या राखीव. पिन भोकातून आरपार गेली की तिचे दोन्ही पाय उलट दिशांना वाकवायचे, नुसती अडकवून ठेवायची नाही. फॅन कधी उतरवला तर जुनी पिन फेकून नवी घालायची, कारण एकदा वाकून सरळ केलेली पिन दुसऱ्यांदा तिथेच मोडते. खिळा नको, तार नको. खालच्या जोडाला बाजूने एक छोटा स्क्रू असतो, तोही घट्ट करून घे. मोटर पाती एका बाजूला ढकलते तेव्हा रॉडला उलट बाजूला पिळत असते, आणि तो पीळ हा स्क्रू अडवतो.

काळं रबर हुक आणि शॅकलच्या मधे बसतं. जुनं कडक झालं असेल तर टाकून दे. शॅकल हुकावर थोडा हलला पाहिजे, म्हणजे फॅन आपोआप ओळंब्यात राहतो. डुलतोय म्हणून लाकडी पाचर मारून जाम करतात, तसं करू देऊ नकोस. एका फॅनची तीन पाती एकमेकांशी जुळवलेली असतात, दोन्ही फॅनची पाती एकमेकांत मिसळली की डुलणं कधी जात नाही.

विजेचं तुला सांगायला नको. नुसतं बटण नाही, मेन बोर्डातला एमसीबी (वीज तोडणारा खटका) खाली पाडायचा आणि टेस्टर लावून बघायचं. अर्थिंगची हिरवी वायर "लागत नाही" म्हणून कापली तर त्याला चहा देऊ नकोस. तुझे फॅन बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मोटरचे आहेत, त्यांना जुना रेग्युलेटर चालत नाही, तो काढून टाका.

आपल्या जुन्या घरात मात्र यातलं काहीच नव्हतं. तुळईच्या दोन बाजूंना लोखंडी पट्ट्या आणि आरपार बोल्ट, बस्स. पावसाळा संपला की आजोबा शिडी लावून नट आवळायचे, लाकूड सुकतं म्हणून. तो फॅन अजून फिरतो, आवाज करत.

कोकमं दोन दिवस पंख्याखाली पसरून ठेव, दमट लागतायत. कुठल्या पंख्याखाली ते तूच बघ. आणि रॉडवरची झाकणाची वाटी वर स्लॅबच्या बाजूला सरकवली की आतलं काही दिसत नाही, म्हणून ती सरकवायच्या आधी दोन्ही फॅनचे फोटो काढून पाठव, पिनेचे पाय दिसतील असे. मी मोठे करून बघणार आहे.

तुझी,
आई