टाइम झोनच्या त्या मदतीबद्दल, दादा, मनापासून आभार

दादा, फोनवर थँक्यू म्हटलं होतं पण ते घाईघाईत झालं, म्हणून आता सगळ्यांसमोर नीट लिहितोय.

आमच्याकडे नवीन लॅपटॉप ऑफिसला न येता थेट माणसाच्या घरी जातो, तो वायफाय लावतो, कंपनीच्या आयडीने लॉगिन करतो आणि बाकीचं ऑटोपायलट आणि इंट्यून (विंडोज लॅपटॉप दुरून सेट करणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सेवा) बघून घेतं. सगळं मस्त, फक्त घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या पॅसिफिक टाइमवर, म्हणजे हिवाळ्यात आपल्या साडेतेरा तास मागे! नवीन जॉइन झालेल्याला सकाळी ११ ची मीटिंग आदल्या रात्री साडेनऊला दिसणार, तो गोंधळणारच ना. आणि ज्यांच्याकडे ॲडमिन राइट्स होते ते झोन तसाच ठेवून हाताने वेळच पुढे करायचे, मग मशीनचा यूटीसीच (ज्यावरून सगळ्या झोनची वेळ काढतात ती मूळ जागतिक वेळ) बिघडतो, आणि केर्बेरॉसला (लॉगिन तपासणाऱ्या पद्धतीला) तर ५ मिनिटांच्या वर फरक चालत नाही, की लॉगिनची बोंब.

सगळे म्हणत होते सरळ इंडिया स्टँडर्ड टाइम ढकलून द्या, एका ओळीची कमांड आहे. तुम्ही एकट्यानेच विचारलंत, तुमची दुबई आणि लंडनची माणसं काय करणार? आणि मग रात्री जेवण बाजूला ठेवून समजावलंत की आपोआप झोन लावणारी सर्व्हिस बंद असते, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) टीझेडऑटोअपडेटचा, म्हणजे त्याच सर्व्हिसचा, स्टार्ट ४ (बंद) असतो तो ३ (गरजेला चालू) करायचा, पण तेवढ्याने काही होत नाही कारण ती सर्व्हिस लोकेशनवर चालते आणि आपण सेटअपमधलं प्रायव्हसीचं पान लपवलेलं असतं त्यामुळे लोकेशन बंदच राहतं. दोन्ही एकत्र हवं. हे "दोन्ही" मला कुणीच सांगितलं नव्हतं! हे करणारी स्क्रिप्ट सिस्टीम अकाउंटने (विंडोजच्या स्वतःच्या खात्याने) आणि ६४ बिट पॉवरशेलमध्येच (विंडोजच्या कमांड चालवायच्या साधनात) चालवायची हेही तुमच्यामुळेच कळलं.

आणि लोकेशन चालू करतोय हे लोकांना आधी कळवा, हे तुम्ही दोनदा बजावलंत. ते मला सगळ्यात जास्त आवडलं, खरंच. आता वेलकम मेलमध्येच तसं स्पष्ट लिहितो.

दुबईला गेलेला नवा लॅपटॉप दुबईच्याच वेळेवर आला, एकही तिकीट (तक्रार) नाही. पुढची बॅच निघतेय, त्यात हीच स्क्रिप्ट आहे. पुण्यात आलात की आधी मला फोन करा, जेवायला घरीच यायचं, वहिनींनाही घेऊन या.