सुधीर, रिपोर्ट येईपर्यंत

नगर, मंगळवार

प्रिय सुधीर,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझा मेसेज वाचला. मानेतल्या गाठीचा तुकडा तपासायला गेलाय, रिपोर्टला आठवडा लागेल म्हणतात, रात्री दोन-अडीचला दचकून जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. आणि शेवटी तू लिहिलंस, “इतकी वर्षं चर्चच्या मंडळीत वडील (कारभार बघणारा ज्येष्ठ) म्हणून बसतो, मग एवढी भीती का वाटावी? माझा विश्वास नावापुरताच होता की काय?” हे फोनवर धड बोलता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तो शेवटचा प्रश्न निकालात काढू, कारण गाठीपेक्षा तोच तुला जास्त पोखरतोय. “भिऊ नको” हे शास्त्रात, म्हणजे बायबलात, जागोजाग आहे, खरं. पण ते कुणाला म्हटलंय बघ. जे भ्यालेत त्यांनाच. छप्पन्नावं स्तोत्र काढ. मथळ्यातच लिहिलंय की शत्रू पलिष्ट्यांनी दाविदाला त्यांच्या गथ शहरात धरलं तेव्हाचं हे. गथमध्ये त्याची काय अवस्था झाली होती ते १ शमुवेल २१ मध्ये आहे: आखीश राजाला तो फार भ्याला, वेड्याचं सोंग घेतलं, दरवाजाच्या फळ्यांवर रेघोट्या ओढल्या, दाढीवर लाळ गाळली. गल्याथासारख्या धिप्पाड योद्ध्याला मारणारा हाच माणूस. आणि तोच त्या स्तोत्रात म्हणतो की मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भाव, म्हणजे भरवसा, ठेवीन. भीती जाईल आणि मग भाव ठेवीन, असं तो म्हणत नाही.

प्रेषित पौलाचंही तेच. “कशाविषयी चिंताक्रांत होऊ नका” हे फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं वचन आपण भिंतीवर लावतो. त्याच पत्राचा दुसरा अध्याय फारसं कुणी लावत नाही. तिथे त्याचा सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारी होता, तो वाचला नसता तर मला दुःखावर दुःख झालं असतं, असं पौल उघड लिहितो. त्याला परत पाठवलं म्हणजे माझं दुःख थोडं हलकं होईल, हेही लिहितो. करिंथकरांना तर सरळ सांगतो, बाहेर भांडणं आणि आत भीती. तेव्हा तुला भीती वाटते म्हणून वडीलकीचा राजीनामा द्यायची गरज नाही. भाव ठेवणं ही करायची गोष्ट आहे, आणि ती भीती अंगात असतानाच करावी लागते.

दुसरं, भरवसा नेमका कशावर ठेवायचा? इथे आपली बरीच माणसं घसरतात. “रिपोर्ट चांगलाच येणार असा विश्वास धर, तोंडातून वाईट शब्द काढू नकोस” असं सांगणारे तुला दोन-चार तरी भेटले असतील. हा भरवसा रिपोर्टवर झाला, देवावर नाही. रिपोर्ट मनासारखा आला नाही की देवही हातचा जातो. दानीएल ३ मध्ये राजाच्या मूर्तीला नमन केलं नाही म्हणून ज्यांना भट्टीत टाकायचं ठरतं, ते तिघे राजासमोर उभे राहून दोन वाक्यं बोलतात. आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, हे पहिलं. आणि त्याने नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही, हे दुसरं. ते दुसरं वाक्य म्हणायला जो शिकला त्याला रिपोर्टची तारीख ओलीस धरू शकत नाही. पंडिता रमाबाईंचं बघ. लेक मनोरमा १९२१ साली त्यांच्याआधी गेली, त्या स्वतः १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या, आणि हिब्रू-ग्रीकवरून त्यांनी केलेलं मराठी शास्त्र १९२४ साली बाहेर पडलं. त्यांच्या भरवशाचं मोजमाप मनासारखं किती घडलं यावरून कुणी करत नाही.

आता प्रेषितांची कृत्ये २७. या आठवड्यात हा एकच अध्याय वाचलास तरी चालेल, पण सावकाश वाच. कैदी पौलाला रोमला नेणारं जहाज वादळात सापडलंय, त्यावर २७६ माणसं, कित्येक दिवस ना सूर्य दिसला ना तारे, आणि देवदूताने पौलाला सांगितलंय की जीव एकाचाही जाणार नाही, जहाज मात्र जाईल. वचन मिळाल्यावर पौल गप्प बसतो का? चौदाव्या रात्री खलाशी पाण्याची खोली मोजतात: आधी वीस वाव (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं माप), पुढे पंधरा. खडकावर आपटू म्हणून मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि उजाडायची वाट बघतात. खलाशी होडीतून पळायच्या बेतात आहेत हे लक्षात येताच पौल पहाऱ्यावरच्या रोमी शताधिपतीला सांगतो, हे जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. देवाने वाचवतो म्हटलंय, तरीही खलाशी लागणारच! म्हणून कुणी म्हणालं की खरा विश्वास असेल तर तपासण्या कशाला, तर त्याला हा अध्याय दाखव. पुढे पहाटे पौल सगळ्यांना खायला लावतो, स्वतः भाकर घेऊन सर्वांदेखत देवाचे आभार मानतो, मोडतो आणि खातो. अजून किनारा लागलेला नाही, पोहायचं बाकीच आहे. शेवटी कुणी पोहत, कुणी फळ्यांवरून माल्टाला पोचले आणि जहाज फुटलंच. देवाने जे राखायचं म्हटलं ते राखलं, बाकीचं गेलं.

तुझे खलाशी म्हणजे लॅबवाले. त्यांच्याकडे काय चाललंय ते कळलं तर निम्मी भुतं उतरतील. काढलेला तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये (तो कुजू न देणाऱ्या द्रवात) मुरावा लागतो, लहान तुकड्यालाही किमान सहा तास. मग अल्कोहोलमधून काढून त्यातलं पाणी घालवतात, मेणात बसवतात, त्या मेणाच्या ठोकळ्यातून तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात, रंग देतात, मगच पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. एवढ्यावर स्पष्ट झालं नाही तर खास रंगाच्या तपासण्या लावतात, त्यात आणखी काही दिवस जातात. मानेच्या गाठीमागे आपल्याकडे टीबी हेही नेहमीचं कारण असतं, आणि टीबीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, लावलं असेल तर त्याला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात. म्हणून उशीर झाला म्हणजे वाईटच आहे, हा हिशोब मनात मांडू नकोस. लॅबला दिवसातून एकदा, सकाळी अकराला फोन करायचा. तोही तू नको, वहिनी किंवा थोरला मुलगा करेल. आणि नेटवर गाठीचे फोटो बघणं आजपासून बंद.

रात्रीबद्दल. अडीचला जाग येते तेव्हा शरीर आधी घाबरलेलं असतं, विचार मागून येतात. श्वास वरवर आणि भराभर चालतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना मुंग्या, डोकं हलकं, छातीत धडधड. मग वाटतं, हार्टचं काहीतरी झालं. (छातीत दाब, घाम, हातात किंवा जबड्यात कळ असं असेल तर मात्र भीती समजून पडून राहायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.) उठून बस, पाय जमिनीवर टेकव. चार मोजेपर्यंत नाकाने श्वास आत घेताना मनात म्हण, “परमेश्वर माझा मेंढपाळ आहे”, सहा मोजेपर्यंत सावकाश सोडताना, “मला काही उणे पडणार नाही.” पाच मिनिटं. सोडणं घेण्यापेक्षा लांबलं की नाडी खाली येते, देवाने शरीर तसंच घडवलंय. जोर लावून खोल खोल श्वास घेऊ नकोस, त्याने चक्कर वाढते. आणि हा जप समजू नकोस. तेवीस नंबरचं स्तोत्र पाठ असल्यामुळे शब्द शोधावे लागत नाहीत, एवढाच त्याचा उपयोग. दोन-तीन रात्रीत फरक पडला नाही तर नाराज होऊ नकोस. दुपारी चार-पाच मिनिटं सराव कर, मग रात्री ते आपोआप जमतं.

वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत पडू नकोस, हॉलमध्ये जाऊन बस. घड्याळ उलटं करून ठेव, मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव. पाच वाजल्यानंतर चहा नको, हे तुला जड जाईल, मला ठाऊक आहे. रात्री जेवण टाळू नकोस. एलीया संदेष्टा रतामाच्या झाडाखाली मरण मागत बसला होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. होरेब डोंगरावर देवाचं त्याच्याशी बोलणं त्यानंतर.

लांब प्रार्थना या दिवसांत जमणार नाही, तिचा हट्टही धरू नकोस. पाण्यात बुडताना शिष्य पेत्राने तीनच शब्द म्हटले, “प्रभूजी, मला वाचवा,” आणि येशूने तत्काळ हात पुढे केला. तेराव्या स्तोत्राला सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोन ओव्यांत “कोठवर?” हा प्रश्न चार वेळा येतो, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाणं. संध्याकाळी सहा-साडेसहाला वही घेऊन त्याच मापाने सहा ओळी लिही. पहिल्या दोन ओळीत भीती नाव घेऊन लिहायची. “मला चिंता वाटते” एवढं पुरत नाही. कॅन्सर निघाला तर काय, केमोला पैसे कुठून, धाकटीचं कॉलेज, वहिनी एकटी पडेल, ज्याची धास्ती असेल ते. मोघम भीती देवापुढे ठेवता येत नाही, कारण ती तुझ्याच हाती लागलेली नसते. मधल्या दोन ओळीत मागणं, तेही स्पष्ट: गाठ साधी निघू दे, हे मागायला लाजू नकोस. पकडलं जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभूनेही आधी दुःखाचा प्याला दूर कर असं मागितलं, “तुझ्या इच्छेप्रमाणे” मग म्हटलं. आपण थेट दुसऱ्या वाक्यावर उडी मारतो आणि त्याला समर्पण म्हणतो. शेवटच्या दोन ओळीत आजच्या दिवसातल्या एका खऱ्या गोष्टीचे आभार, आणि उद्या करायचं एक काम. वीस मिनिटं झाली की वही मिटायची. झोपायच्या वेळी ती उघडायची नाही, नाहीतर तेच सगळं घेऊन गादीवर जाशील. शेवटच्या ओळी लिहवल्या नाहीत तर कोऱ्या ठेव. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहेच.

वचनपेटीतून (बायबलातली वचनं लिहिलेल्या चिठ्ठ्यांच्या डबीतून) चिठ्ठी काढायची सवय आठवडाभर बाजूला ठेव. मनासारखी आली नाही की आपण दुसरी काढतो, मग तिसरी, आणि तिसरीला देवाची वाणी म्हणतो! तो शकुन झाला. एक्क्याण्णवावं स्तोत्र उशाखाली ठेवायचंही तसंच. मोहाच्या वेळी सैतानाने प्रभूपुढे म्हटलेलं वचन त्याच स्तोत्रातलं आहे, हे विसरू नये.

माणसांचं थोडक्यात सांगतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नकोस; शंभर जणांच्या “गॉड इज ग्रेट”ला उत्तरं देण्यात जीव जाईल, आणि कुणाच्या तरी मावशीला हेच झालं होतं ही बातमी फुकटात मिळेल. तीन-चार माणसं निवड, नेमकं काय मागायचं ते सांग. याकोब ५:१४ प्रमाणे पाळकसाहेबांना आणि वडिलांना घरी बोलावून तेल लावून प्रार्थना करवून घे. दुसऱ्यांसाठी तू कित्येकदा गेलायस, आता स्वतःसाठी बोलवायला संकोच कसला? “अर्धा तास थांबा” असं आधीच सांगितलंस तर त्यांनाही बरं पडेल. “उपासना संगीत” या गीतपुस्तकातली रेव्हरंड ना. वा. टिळकांची दोन पदं म्हणायला लाव. गाताना श्वास आपसूक लांबतो. आणि पौल-सीलाही फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गातच होते. वहिनींपुढे धीराचा मुखवटा चढवू नकोस, त्या तुझ्याआधी जाग्या असतात.

हे सगळं करूनही दोन आठवड्यांवर झोप नाही, जेवण नाही, काम सुचत नाही, असं झालं तर मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जायचं. भीतीवर गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी पडला, असं मंडळीत कुणी म्हणालं तर त्यांच्या बीपीच्या गोळ्यांची चौकशी कर. रात्री-अपरात्री बोलायला सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात. जिवाचं बरंवाईट करावं असा विचार एकदाही आला तर थांबायचं नाही, त्याच रात्री वहिनींना उठवायचं आणि फोन लावायचा.

रिपोर्टच्या दिवशी एकटा जाऊ नकोस. पाकीट रिक्षात फोडू नकोस, ती भाषा डॉक्टरांसाठी असते, एखादा शब्द बघून उगाच हाय खाशील. डॉक्टरांना विचारायचं चिठ्ठीवर लिहून ने: नेमकं निदान काय, ते पक्कं आहे की आणखी तपासणी लागेल, पुढची पायरी कोणती आणि किती दिवसांत, खर्च साधारण किती, दुसरं मत घ्यायचं असेल तर स्लाइड (रंग दिलेले काप) आणि ब्लॉक (मेणाचा ठोकळा) मिळतील का. उत्तरं वहिनींनी लिहून घ्यावीत, तू फक्त ऐक.

शुक्रवारी दुपारच्या गाडीने मी येतोय, रविवारची उपासना तुझ्याच मंडळीत. मुक्कामाला काही वेगळं करू नका म्हणावं वहिनींना, पिठलं-भाकरी चालेल. वहीतल्या सहा ओळी आजच सुरू कर.

तुझा,
वसंत