रक्तदाबाच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल हवं

मा. संपादक,
स. न.

आमच्या लालबागच्या मंडळाच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब, साखर, डोळे सगळं तपासतात. गेल्या वर्षी माझं सगळं 'नॉर्मल' आलं. त्या वेळी मी दीड महिना पहाटे तीनला जागा होत होतो आणि जेवण घशाखाली उतरत नव्हतं. एका डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी दिली होती. दोष त्यांचाही नाही, मी सांगितलंच तेवढं.

अशाच एका पहाटे मोबाइलवर नैराश्याची चाचपणी करणारी 'पीएचक्यू-९' ही प्रश्नावली सापडली. २००१ साली प्रसिद्ध झालेली ही नऊ प्रश्नांची यादी जगभरचे डॉक्टर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, एकाग्रता, उदास वाटणं, स्वतःला कमी लेखणं वगैरे त्रास किती दिवस झाला, एवढंच विचारतात. अजिबात नाही तर शून्य, जवळजवळ रोज असेल तर तीन. एकूण गुण २७. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांना भेटावं. मला नऊ आले. आयुष्यात प्रथमच काठावर नापास झाल्याचा आनंद झाला!

सकाळी चहा घेताना बायकोला कागद दाखवला. 'कशात रस वाटत नाही' या पहिल्याच प्रश्नासमोर मी शून्य लिहिलं होतं. ती म्हणाली, "अहो, दोन महिने तुम्ही पेपरातल्या शब्दकोड्याला हात लावलेला नाही. कोरी कोडी मी रद्दीत घातली." शून्याचे तीन झाले. बोलणं-चालणं मंदावलंय का, यावरही तिनं एक गुण वाढवला. बेरीज तेरा.

म्हणून हे पत्र. स्वतःची तपासणी स्वतः करावी हे खरंच, पण उत्तरं एकट्यानं लिहिली की आपण स्वतःलाच सवलत देतो. घरातल्या माणसाला आपलं जास्त दिसतं. आणि तेरा म्हणजे निदान नव्हे. परळच्या केईएममध्ये केसपेपर काढून मानसोपचार विभागात गेलो, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासायला सांगितलं, कारण त्यांच्या कमतरतेनंही माणूस असाच मरगळतो. ते ठीक निघालं, मग गोळी सुरू झाली. पहिले दोन आठवडे काहीच फरक नाही, मी बंद करायला निघालो होतो. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं म्हणून टिकलो.

नववा प्रश्न वेगळा आहे. मरून गेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असं मनात येतं का? तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज करत बसू नये. त्याच दिवशी कुणाशी तरी बोलावं. केंद्र सरकारची १४४१६ ही टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. चोवीस तास, विनाशुल्क, मराठीतूनही. हा नंबर आमच्या शिबिराच्या फलकावर मी आजवर पाहिलेला नाही. चष्म्याच्या दुकानाची जाहिरात मात्र असते.

मंडळाच्या बैठकीत मी शिबिरात या प्रश्नावलीसाठी एक टेबल मागितलं. "नैराश्य तपासणी लिहिलं तर कोण फिरकणार, काका?" असं एका कार्यकर्त्यानं विचारलं. मुद्दा बरोबर होता. आपल्याकडे 'नैराश्य आलंय' असं कोण म्हणतं? 'जीव रमत नाही', 'अन्न गोड लागत नाही', 'कशात मन लागत नाही' एवढंच म्हणतात. शेवटी फलकावर 'झोप-भूक तपासणी' लिहायचं ठरलं. नवव्या प्रश्नाला होकार आला तर लगेच बोलायला जाणतं माणूस शेजारी हवं, त्यासाठी रुग्णालयाच्या समाजसेविकेला विनंतीपत्र धाडलं आहे. ती येणार असेल तरच कागद वाटायचे, नाहीतर नाहीत. उरलेल्या खुर्चीवर मी बसेन, शब्दकोडं घेऊन.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, लालबाग, मुंबई