अंगणातली तार

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

रविवारी फोनवर मी "अंगणात एक तार बांधायची आहे" म्हणालो, तर आई म्हणाली, "वाळत घालायला दोन दोऱ्या आहेत की!" आणि विषय संपला. ती तार कपड्यांची नाही, रेडिओची अँटेना आहे. म्हणून हे पत्र.

आमच्या हॅम रेडिओ क्लबात, म्हणजे हौसेखातर बिनतारी संदेश पाठवणाऱ्यांच्या क्लबात, सध्या भलताच उत्साह आहे. मागच्या महिन्यात वेताळ टेकडीवर 'फॉक्स हंट' केला. एकाने छोटा ट्रान्समीटर झुडपात लपवायचा, बाकीच्यांनी अँटेना फिरवत तो हुडकायचा. अँटेना आम्हीच केल्या, हार्डवेअरच्या दुकानातली पोलादी मोजपट्टी कापून पीव्हीसीच्या पाइपवर बसवली. झाडीत अडकली तरी पट्टी वाकते आणि परत सरळ होते. मी रुबाबात जुन्या खाणीकडे निघालो, कारण सिग्नल तिकडूनच जोरात येत होता. पाऊण तास खाणीत घालवल्यावर कळलं, तो कड्यावर आपटून परत येतोय! नववीतल्या एका मुलीने अँटेनाशिवाय कोल्हा पकडला. हातातला सेट छातीशी धरून ती स्वतःभोवती गिरकी घ्यायची. ज्या दिशेला पाठ असताना आवाज सगळ्यात क्षीण, कोल्हा त्या दिशेला. आपलंच अंग आड येतं ना. इतकी वर्षं रेडिओ खेळतोय, पण मला हे ऐन वेळी सुचलं नाही.

त्यानंतर एका संध्याकाळी गच्चीवरून अंतराळ स्थानकाने पाठवलेलं चित्र 145.800 मेगाहर्ट्झवर पकडलं. दहा मिनिटांत ते डोक्यावरून निघून गेलं. चित्राचा खालचा अर्धा भाग नुसती मुंग्यांची रांग आहे, तरी फ्रेम करून लावलंय.

बाबा, आता तुमच्या कामाचं. शनिवारी आम्ही मोर्सचा वर्ग घेतो. पोरं टिंब आणि रेघांचा तक्ता पाठ करतात आणि कानावर आलं की गडबडतात. मी त्यांना सांगितलं, माझे बाबा तार ऑफिसात होते, त्यांनी मला ताटावर चमचा वाजवून शिकवलं, तक्ता दाखवलाच नाही. तेव्हापासून "बाबांना कधी आणताय?" चालू आहे. 2013च्या जुलैत तार बंद झाली तेव्हा तुम्ही दिवसभर गप्प होतात. इथे अजून रोज रात्री 7 मेगाहर्ट्झवर लोक मोर्समध्ये गप्पा मारतात. तुमच्याकडे शुभेच्छांच्या तारांना नंबर असायचे, तसा आमच्यात 73.

आता अंगणातल्या तारेचं. 3 जून 2020ला 'निसर्ग' वादळ आलं, त्यानंतर तुमचा आवाज ऐकायला मला सहा दिवस लागले. पुणे ते दापोली सरळ रेषेत साधारण 110 किलोमीटर, पण मध्ये सह्याद्री आहे, हातातला सेट तो ओलांडत नाही. 7 मेगाहर्ट्झची लहर मात्र सरळ वर पाठवली की दिवसा आकाशातल्या थरावरून परत खाली येते, डोंगराला विचारतच नाही. त्यासाठी तार फार उंच नको, सहा-सात मीटर पुरे. लांबी 20 मीटर, मधोमध केबल. सेट 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, वीज गेली तरी अडत नाही.

आई, वीज पडेल ही तुझी भीती रास्त आहे. म्हणून ढग गडगडले की केबल सेटपासून काढून घराबाहेर टाकायची, कितीही गप्पा रंगल्या असल्या तरी. आणि विजेच्या खांबाच्या बाजूला तार नेणार नाही, हा शब्द.

बोलायला मात्र बाबा, तुमचाही परवाना लागेल. जनरल ग्रेडच्या परीक्षेत मोर्सचा वेग मिनिटाला 8 शब्द आहे. हसू नका. थिअरीचं पुस्तक मी आणतो, नियमांचा भाग कंटाळवाणा आहे, तो आपण दोघं मिळून उरकू.

तोवर एक करा: ओटीच्या वळचणीपासून विहिरीजवळच्या आंब्यापर्यंतचं अंतर दोरीने मोजून ठेवा. 20 मीटर भरलं नाही, तर टोक माडाला बांधू. माडावर चढायचं नाही, मी गणपतीत येतोय. आणि आई, त्या आंब्याची फांदी या पावसाळ्यात तोडायला सांगू नकोस.

तुमचा,
बाळू

ता. क. बाबा, 73.