आजींना बसवून माप घेणाऱ्या प्लंबरदादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

परवा संध्याकाळी तुम्ही पान्यांची पिशवी खांद्याला लावून निघालात, तेव्हा मी शाळेच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये अडकले होते. त्यामुळे नीट बोलणं झालंच नाही. सासूबाईंनी चहा दिला, ह्यांनी पैसे दिले आणि तुम्ही गेलातसुद्धा. पण मनात जे आहे ते चहा-पैशात फिटणारं नाही, म्हणून हे पत्र. मराठी वाचता येतं पण सावकाश, असं तुम्ही म्हणाला होतात. तर सावकाश वाचा, घाई नाही. नाव मुद्दाम घालत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही हे एवढ्या ओळखीत कळलंय.

तुमच्या आधी येऊन गेलेल्यांबद्दल तुम्ही एक अक्षर वाईट बोलला नाहीत. मी मात्र बोलणार आहे.

सासूबाईंचा खुब्याचा सांधा बदलला. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, आता उकिडवं बसायचं नाही, गुडघे कंबरेच्या वर जाता कामा नयेत, नाहीतर नवा सांधा निखळायची भीती. आणि आमची बिल्डिंग १९८० च्या दशकातली, संडास भारतीय पद्धतीचा. म्हणजे कमोड बसवणं आलं. मुलुंडसारख्या ठिकाणी त्यात काय एवढं, असं वाटलं होतं.

पहिले दोघे मोबाइलवरून बुक केलेले. इस्त्रीचे टी-शर्ट, गोड बोलणं. त्यांनी पॅन फोडलं, कमोड ठेवलं, चहूबाजूंनी व्हाइट सिमेंट थापलं, फोटो काढले आणि पाच स्टार द्या म्हणून दारात उभे राहिले. स्टार दिले, आणि आठवड्याच्या आत कमोड डुलायला लागलं. वास असा, की पाहुणा आला तर आम्ही आधी उदबत्ती लावायचो. मग खालच्या काकूंच्या छताला ओल दिसली. कंपनीला फोन केला की एक बाई रेकॉर्डवर सांगायची, तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. त्यांच्यानंतर आला तो दुकानदाराने पाठवलेला. त्याने उंबऱ्यातूनच टॉर्च मारली आणि जाहीर केलं, सगळं फोडावं लागेल. लादी, कोबा, वॉटरप्रूफिंग, पार स्लॅबपर्यंत. ‘म्हातारीची सोय तेवढी दुसरीकडे बघा,’ असंही म्हणाला. म्हातारी तिथेच वॉकर धरून उभी होती.

सेक्रेटरींनी तोवर उपविधी काढून वाचून दाखवले. संडास-मोरीतली अंतर्गत गळती सभासदाने स्वतःच्या खर्चाने काढायची. नियम बरोबरच आहे. आजारी माणसाच्या खाटेशी उभं राहून मोठ्याने वाचण्याचा नाही, एवढंच.

ह्या सगळ्यात सासूबाईंनी पाणी पिणं कमी केलं होतं. डुलणाऱ्या कमोडवर बसायची त्यांना भीती वाटायची, आणि ते सांगायची लाज. संध्याकाळी सातनंतर घोटभरसुद्धा नाही. विचारलं तर म्हणायच्या, ‘तहानच लागत नाही गं.’ ओठ सुकलेले दिसायचे.

आणि मग तुम्ही आलात. आल्या आल्या विचारलंत, ‘वापरणार कोण?’

हा प्रश्न तोपर्यंत कोणीही विचारला नव्हता. पांढरं की आयव्हरी, सीट सॉफ्ट-क्लोज हवी का, बजेट किती, हे सगळं विचारून झालं होतं. मी सासूबाईंकडे बोट दाखवलं तर तुम्ही माझ्याशी बोलणं थांबवून थेट त्यांच्याशी बोलायला लागलात. कुठला पाय दुखतो, उठताना कोणत्या हातावर जोर देता, रात्री किती वेळा उठता. त्याही अशा घडाघडा बोलल्या की ह्यांना ते ऐकवेना, ते गॅलरीत निघून गेले.

पुढचं काम कसं केलंत ते मला सांगता येणार नाही, पण एक गोष्ट मी दारात उभी राहून पाहिली. डुलणारं कमोड तुम्ही उखडलंत, धुतलंत, पुसून कोरडं केलंत आणि सिमेंट न लावता नुसतंच जागेवर ठेवलंत. खाली सुट्या लाद्या. दारापासून तिथवर प्लायवूडचा तुकडा अंथरलात, वॉकरचे पाय अडकू नयेत म्हणून. मग स्वतःचा धुतलेला गमछा पिशवीतून काढून सीटवर टाकलात. ‘आजी, कपड्यांवरच जरा बसून बघता? टाचा टेकतात का सांगा. ताई धरतील.’ एवढं बोलून बाहेर गेलात आणि जिन्याकडे तोंड करून उभे राहिलात.

टाचा टेकत नव्हत्या. कमोड उंच हवं, हे डॉक्टरांचं म्हणणं खरं; पण आमच्या सासूबाई जेमतेम पावणेपाच फूट. तुम्ही एक लादी काढलीत, पुन्हा बसवलंत. आता टाचा टेकल्या, आणि गुडघेही कंबरेच्या जरा खालीच राहिले. मग म्हणालात, ‘आता डोळे मिटा आणि उठायचं आहे असं समजून हात न्या. कुठे धरावंसं वाटतं?’ सासूबाईंनी हात नेला. आधीच्यांनी टॉवेलचा रॉड ठोकला होता त्याच्या कितीतरी खाली, आणि बराच पुढे. कानावरची पेन्सिल काढून तुम्ही त्यांच्या तळव्याखाली टाइलवर खूण केलीत. दुसऱ्या दिवशी त्याच खुणेवर जाड रॉड बसला, आणि सासूबाईंना हात लावू देण्याआधी तुम्ही स्वतः त्याला लोंबकळून पाहिलंत.

दादा, त्या पेन्सिलच्या खुणेसाठी हे पत्र आहे. बाकी काम चोख आहेच. पण ऑपरेशन झाल्यापासून त्या माउलीला जो तो सांगत होता, असं बसा, असं उठा, इथे धरा. तिला कुठे धरावंसं वाटतं हे विचारणारे तुम्ही. आता रात्री त्यांच्या उशाशी तांब्या भरून ठेवते आणि सकाळी तो रिकामा असतो.

वासाचंही तुम्ही दोन वाक्यांत समजावलंत. ट्रॅपमध्ये, म्हणजे कमोडच्या वाकड्या पाइपात, दोन इंच पाणी कायम राहायला हवं, तेच गॅस अडवतं. इथे पाइप असा जोडलाय की फ्लश केला की तेही ओढलं जातं. मी विज्ञानाची शिक्षिका. १७७५ साली लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने पाइपला वाक देऊन पाणी अडवायच्या ह्याच युक्तीचं पेटंट घेतलं, हे मुलांना सांगते. माझ्याच घरात त्या वाकातलं पाणी टिकत नव्हतं, आणि उपाय म्हणून आम्हाला रूम फ्रेशनर सुचवण्यात आला होता!

शेवटी टाकीत लाल रंग कालवून तुम्ही खालच्या काकूंकडे गेलात आणि टॉर्च घेऊन त्यांच्या छताखाली बराच वेळ उभे राहिलात. लाल काही उतरलं नाही. काकू सांगत होत्या, जाताना तुम्ही त्यांची माफी मागितलीत. गळती कोणाची, माफी कोणाची.

एक गोष्ट मात्र मला लागून राहिली आहे. पहिल्या दिवशी तुम्ही गोण्या घेऊन जिन्याने चढलात, लिफ्ट चालू असताना. नंतर कळलं, सोसायटीच्या ऑफिसातून वॉचमनला निरोप होता: संडासाचं काम करणाऱ्याला लिफ्ट नाही. त्याच ऑफिसात भिंतीवर गाडगेबाबांची तसबीर आहे, खराट्यासकट, आणि दर वर्षी तिला हार घालतात. मी लेखी तक्रार दिली आहे. उत्तर यायचंय.

ओडिशातल्या तुमच्या केंद्रपाड्यात घरटी एक प्लंबर, हे तुम्ही हसत हसत सांगितलंत. तिकडे पट्टामुंडाईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्था आहे, हेही मला तुमच्याकडूनच कळलं. तुम्ही स्वतः तिथे न शिकता इथे एका मालवणी मिस्त्रीच्या हाताखाली शिकलात, म्हणून तुमच्या मराठीला तो हेल. सासूबाई कणकवलीच्या. त्यांनी तुम्हाला आमचाच माणूस ठरवून टाकलंय, आणि तुम्ही ओडिशाचे हे त्यांना पटवण्याच्या फंदात मी पडलेली नाही. कोण इथला आणि कोण बाहेरचा हे सांगत फिरणाऱ्यांनी एकदा त्यांच्याशी बोलावं.

आता कामाचं. पावत्या जुळवताना दिसलं की रॉडचे पैसे तुम्ही बिलात धरलेच नाहीत. ‘विसरला असेल,’ असं ह्यांचं मत. सासूबाई म्हणाल्या, ‘विसरणारा नाही तो.’ काही असो, पैसे पाकिटात घालून ठेवलेत. मोरीच्या नळाचा वायसर गेलाय, त्यासाठी रविवारी फोन करते. सकाळी पाण्याची वेळ संपली की या, चहा इथेच घ्या आणि पाकिटाला नाही म्हणू नका. आणि येताना लिफ्टने या. कोणी हटकलं तर खालूनच मला फोन लावा, मी येते.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ताई