व्हिडिओत डावीकडे उभ्या असणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव मला माहीत नाही. व्हिडिओच्या शेवटी नावं सरकतात खरी, पण त्यातलं तुमचं कोणतं हे कुठे लिहिलेलं नसतं. म्हणून नुसतंच ताई म्हणते, चालवून घ्या.

वजन उतरवण्याच्या आणि अंग घट्ट करण्याच्या घरच्या व्यायामाच्या व्हिडिओंमध्ये बरेचदा तिघीजणी असतात. मधे प्रशिक्षिका. ती बोलते, आकडे मोजते, हसते. उजवीकडे एक चपळ मुलगी, जी प्रत्येक प्रकार होईल तितका अवघड करून दाखवते. आणि डावीकडे, अर्धं पाऊल मागे, तुम्ही. ‘नवीन असाल तर हिच्याकडे बघा’ एवढं एक वाक्य तुमच्या वाट्याला येतं आणि कॅमेरा परत मधे जातो. मधल्या बाईंचे आभार मानणाऱ्या पुष्कळ आहेत. मला तुमचे मानायचे आहेत.

बाकीच्या दोघी जंपिंग जॅक, म्हणजे हात-पाय फाकवत उड्या, मारतात तेव्हा तुम्ही एकेक पाय बाजूला टाकता आणि हात मात्र पूर्ण वर नेता. त्या स्क्वॅटमधून, म्हणजे गुडघे वाकवून घेतलेल्या बैठकीतून, उसळी घेतात, तुम्ही स्क्वॅटमधून उठून टाचा उचलता. त्या बर्पीसाठी धाडकन जमिनीवर जातात, तुम्ही खुर्चीवर हात टेकून एकेक पाऊल मागे नेता, मग पुढे आणता. ताल तोच, गाणं तेच, मिनिटं तेवढीच. आणि हे सगळं करताना तुमच्या चेहऱ्यावर ओशाळलेपण नसतं. ‘मला जमत नाही म्हणून मी हे करतेय’ असा भाव मी कधीच पाहिला नाही. मी टिकले ती त्या चेहऱ्यामुळे, हे तुम्हाला कळवायचं होतं.

तुमच्या जागेला इतिहास आहे, ताई. पडद्यासमोर उभं राहून व्यायाम करणं काही मोबाइलबरोबर आलेलं नाही. अमेरिकेत जॅक लालेन हे व्यायामशिक्षक १९५१ पासून टीव्हीवर गृहिणींना खुर्ची घेऊन व्यायाम शिकवत होते. १९८२ मध्ये अभिनेत्री जेन फोंडा यांची व्यायामाची व्हिडिओ कॅसेट आली आणि घरोघरच्या बैठकीच्या खोल्यांत एरोबिक्स सुरू झालं. पण त्या उड्यांनी अनेकींच्या नडग्या, घोटे, गुडघे दुखायला लागले, आणि त्याच दशकात उड्या नसलेलं एरोबिक्स पुढे आलं. नियम सोपा होता: एक पाय कायम जमिनीवर. तुम्ही आज डावीकडे उभं राहून जे करता त्याचं मूळ तिथे आहे. उडी मारून खाली येताना पायांवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, आणि वजन जास्त असेल तर तो भारही त्याच प्रमाणात वाढतो. म्हणजे ज्यांना वजन उतरवायचंय त्यांनाच पहिल्या दिवसापासून उड्या मारायला लावायच्या, हे मला कधी पटलेलं नाही. उड्या वाईट नाहीत. हाडांना थोडे हादरे लागणं चांगलंच, विशेषतः बायकांच्या, कारण पाळी गेल्यावर हाडं भराभर विरळ होत जातात. पण त्यासाठी आधी गुडघ्याभोवतीचे आणि कमरेचे स्नायू तयार हवेत, आणि ती तयारी तुमच्याकडे होते.

आता जरा आतल्या गोटातलं बोलते. प्रशिक्षिका सांगतात, ‘गुडघे दुखत असतील तर सोपा प्रकार करा.’ गुडघे! किती सोयीचं कारण. बाळंतपण झालेल्या कितीतरी जणींना उडी मारताना लघवीचे थेंब जातात. शिंकताना, खोकताना, हसताना जातात तसेच. त्याबद्दल कुणी बोलत नाही. बायका गडद रंगाची पँट घालतात, व्यायामाआधी दोनदा जाऊन येतात, आणि एक दिवस व्यायामच सोडून देतात. घरी कारण सांगतात की वेळ मिळत नाही. तुम्ही समोर उडी न मारता उभ्या होतात, म्हणून मला कुणाला काही सांगावंच लागलं नाही. नुसतं तुमच्यासारखं केलं.

पुढे मी त्याबद्दल वाचलं आणि फिजिओथेरपिस्टकडेही गेले. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचा एक झोळीसारखा पट्टा असतो. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय त्याच्यावर पेललेले असतात. त्याच्या व्यायामांना ज्यांचं नाव मिळालं त्या डॉ. आर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्येच त्याबद्दल लिहिलं होतं. मला मात्र तोवर कुणी शिकवलं नव्हतं, की तो पट्टा आवळण्याइतकंच पूर्ण सैल सोडणंही महत्त्वाचं आहे, आणि जोर लावताना श्वास कोंडून धरला की सगळा दाब खाली त्याच्यावरच येतो. तेव्हा लक्षात आलं, तुम्ही स्क्वॅटमधून वर येताना दरवेळी तोंडाने फुंकर सोडता ती कशासाठी. कॅमेरा तुमच्यावर असो नसो, फुंकर असतेच.

पोटाचंही तेच. गरोदरपणात पोटाचे उभे स्नायू मधोमध फाकतात, काहींचे नंतरही पुरेसे जवळ येत नाहीत. अशा वेळी क्रंचेस (पाठीवर पडून खांदे उचलणं) किंवा लांब प्लँक (हात आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ, स्थिर धरणं) करताना पोटाच्या मध्यरेषेवर उंचवटा दिसतो. तो दिसला तर तो प्रकार आपल्यासाठी अजून नाही, एवढं समजावं आणि सोप्यावर यावं. बाकीच्या दोघी मिनिटभर प्लँकमध्ये थरथरत असताना तुम्ही पाठीवर पडून, गुडघे वर घेऊन, एकेक टाच जमिनीला टेकवत होतात. दिसायला काहीच नाही. करून बघितल्यावर मात्र पोट कुठे कुठे असतं ते समजतं.

एका बाबतीत मात्र तुमच्या मंडळींवर माझा राग आहे, आणि तो तुमच्यापाशीच काढते. व्हिडिओच्या चित्रावर ‘फक्त पोटाची चरबी’, ‘मांड्या बारीक’, ‘दंडाखालचं लोंबणं बंद’ असं मोठ्या अक्षरांत का लिहितात? आपण ज्या स्नायूचा व्यायाम करतो त्याच्याच वरची चरबी वितळते असं होत नाही. शरीर चरबी कुठून आधी काढणार हे अनुवंशिकता आणि संप्रेरकं ठरवतात, आपलं मत विचारत नाहीत. क्रंचेसने पोटाचा स्नायू भक्कम होतो, हेही काही थोडं नाही. पण वरचा थर त्याच्या गतीनेच जातो. आणि तो घामातूनही जात नाही. ऑस्ट्रेलियातल्या रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या संशोधकांनी २०१४ मध्ये हिशेब मांडून दाखवला, की १० किलो चरबीचं पूर्ण ज्वलन झालं तर त्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतात आणि १.६ किलोचं पाणी होतं. अर्थात नुसते जोरजोरात श्वास घेऊन बारीक होता येत नाही, ते वेगळं. आधी शरीराने ती चरबी इंधन म्हणून वापरायला हवी. पण हे वाचल्यापासून पोटावर प्लॅस्टिक गुंडाळून घाम काढणाऱ्या जाहिराती बघवत नाहीत.

तसंच ते ‘अर्ध्या तासात ५०० कॅलरी’. मी एकदा गणित करून पाहिलं. व्यायामाची तीव्रता मेट या एककात मोजतात; स्वस्थ बसणं म्हणजे एक मेट. मेट गुणिले वजन किलोत गुणिले तास, की साधारण कॅलरी निघतात. ६० किलोच्या बाईने अर्ध्या तासात ५०० जाळायच्या तर तीव्रता १६ मेटच्या वर हवी. तो कसलेल्या धावपटूच्या जोरदार धावण्याचा आकडा आहे, खुर्चीशेजारी केलेल्या व्यायामाचा नाही. आपल्यासारख्यांचा चांगला घाम काढणारा अर्धा तास ५ ते ८ मेटच्या दरम्यान, म्हणजे १५० ते २४० कॅलरी. वाईट नाही, पण वजनाच्या काट्यावरचा मोठा फरक खाण्यातूनच येतो, हे व्हिडिओत कुणी मोठ्या अक्षरांत लिहीत नाही. लिहिलं तर व्हिडिओ कोण लावेल, हाही प्रश्नच आहे.

तुमचा वेग पुरेसा आहे का, अशी शंका मला आधी होती. तीही तुम्हीच घालवलीत. एका व्हिडिओत प्रशिक्षिकेने मधेच विचारलं, ‘कसं वाटतंय?’ उजवीकडची नुसती हसली, तिला बोलताच येत नव्हतं. तुम्ही दोन वाक्यं बोललात आणि मग दम घेतलात. बोलता येतं पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत दम लागला की तो मध्यम तीव्रतेचा व्यायाम झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसांसाठी तेवढ्याच तीव्रतेची आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगितली आहेत, आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा व्यायाम. ते दोन दिवस लोक विसरतात. मीही नुसते नाचाचे व्हिडिओ लावत राहिले असते, जर तुमच्या हातात डंबेल दिसले नसते.

त्या डंबेलबद्दल तर खास आभार. जुन्या व्हिडिओंत तुमचे हात रिकामे आहेत. पुढच्या मालिकेत छोटे डंबेल आले. आणि अगदी अलीकडच्यात, मी व्हिडिओ थांबवून पाहिलं, तुमच्या हातातले डंबेल उजवीकडच्या मुलीपेक्षा मोठे आहेत! उडी अजूनही मारत नाही तुम्ही. यावर कुणी एक शब्द बोललं नाही, पण मला त्यातून सगळं शिकायला मिळालं. स्नायूला दरवेळी थोडं जास्त काम दिलं तर तो वाढतो, तेच ते गुलाबी डंबेल वर्षानुवर्षं हलवून नाही. वजन हलकं असलं तरी चालतं, पण मग शेवटची दोन-तीन आवर्तनं जड गेलीच पाहिजेत. आणि वजन उचललं की पुरुषी दिसायला लागू ही भीती उगाच आहे. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं संप्रेरक, पुरुषांच्या मानाने फारच कमी असतं. सडपातळ, घट्ट अंग ज्याला म्हणतात ते म्हणजे वरची चरबी थोडी कमी आणि खालचा स्नायू थोडा जास्त. दुसरं काही त्यात नसतं.

पुशअपचा जिनासुद्धा तुमच्याच मागून चढले. आधी भिंतीवर, मग टेबलाच्या कडेवर, मग गुडघ्यांवर. पूर्ण पुशअपमध्ये हातांवर शरीराचं साधारण दोन तृतीयांश वजन येतं, गुडघे टेकले की सुमारे निम्मं, आणि भिंतीवर त्याहून पुष्कळ कमी. व्यायाम एकच, फक्त वजनाची मात्रा बदलते. जिममध्ये लोक सळईवरच्या चकत्या कमीजास्त करतात तेव्हा त्याला कुणी ‘सोपा प्रकार’ म्हणून खालच्या सुरात बोलत नाही. तुम्ही शरीराचा कोन बदलून तेच करता.

माझं वजन किती उतरलं हे लिहीत नाही, कारण तो आकडा मलाच फसवतो. पाळीच्या आधी अंगात पाणी साठून किलोभर वर जातो, नंतर आपोआप खाली येतो. नवीन व्यायाम सुरू केल्यावरही स्नायू पाणी धरतात, आणि पहिल्या काही आठवड्यांत काटा वर सरकला म्हणून कितीजणी तिथेच थांबतात. काय बदललं ते सांगते. जमिनीवर बसले की हात न टेकता उठते. जड पिशव्या घेऊन जिना चढते आणि वर पोचल्यावर लगेच बोलू शकते. पँटची कंबर सैल झाली आहे, मांड्या मात्र तशाच आहेत. त्यांचं काही म्हणणं नाही, माझंही नाही.

तुमच्या प्रशिक्षिकेला एवढं सांगाल का, की निदान एका व्हिडिओत तुम्हाला मधे उभं करा? अवघड प्रकार बाजूला दाखवा, ज्यांना हवा त्या बघतील.

आणि एक वैयक्तिक विनंती. माझ्या वहिनीने सुरुवात केली आहे, तिचं मनगट दुखतं. तिला मी तुमचा कोपरांवरचा प्लँक दाखवला, तो जमतो आहे. पण आईसाठी काही सापडत नाही. तिला खाली बसता येत नाही, उभं राहूनही फार वेळ नाही. खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं तिच्याकडून करून घेते, आधी उशी ठेवून उंच खुर्चीवर, आता उशीशिवाय. त्यापुढे काय करू? बसून करायचे दंडाचे आणि पाठीचे प्रकार, रबरी पट्टा घेऊन, तुम्ही एखाद्या व्हिडिओत दाखवलेत तर फार बरं होईल. पट्टा मी आणून ठेवला आहे.

तुमची,
पडद्याच्या अलीकडची एक